कधीही न भेटलेल्या माणसाचा शोक

डॉ. श्रीराम लागू यांचे १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात निधन झाले. ते ब्याण्णव वर्षांचे होते. कान-नाक-घसा तज्ज्ञाचा व्यवसाय सोडून वयाच्या बेचाळिशीत पूर्णवेळ रंगभूमीवर आलेला हा नटश्रेष्ठ आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना विशेष जवळचा. बालगंधर्व रंगमंदिरात अंत्यदर्शनासाठी आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी त्यांना फक्त रंगमंचावर किंवा पडद्यावरच पाहिले असेल. मग हे अश्रू कशाचे?

हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्ये अशा एकतर्फी आपुलकीचे विवेचन केले. वारंवार दिसणारा चेहरा व ओळखीचा आवाज यांमुळे कलावंत मनाने घरचाच होतो. शिवाय त्याच्यासोबत आपला काळही जातो. ‘पिंजरा’ (१९७२) ज्यांच्यासोबत पाहिला, ते आईवडील आता नसतात. जुने दुःख नव्या निमित्ताने वर येते. म्हणून ‘तो तुमचा कोण लागत होता?’ असे वृद्धांना विचारू नये. त्यांना बोलू द्यावे.

लहान मुलांचा प्रश्न निराळा असतो. राजपुऱ्यातील एका आजोबांसोबत आलेल्या पाच वर्षांच्या नातीने मला विचारले, “ते वारले, तर टीव्हीत कसे बोलतात?” या वयात मृत्यू म्हणजे परत येता येण्याजोगा प्रवास वाटतो. त्यातून चित्रपटात मेलेला नट पुढच्या चित्रपटात हसत येतो! साधारणतः पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मृत्यूची अटळता व कायमपणा उमजू लागतो. तोवर ‘ते झोपले’ असे सांगू नये. मूल झोपेलाच भिऊ लागते. ‘त्यांचे शरीर थांबले. ते आता परत येणार नाहीत. हे चित्रण पूर्वीचे आहे,’ एवढे स्पष्ट उत्तर पुरते. मोठ्यांनी डोळे पुसले तरी बिघडत नाही. कारण मात्र सांगावे.

हा शोक बहुधा काही दिवसांत निवळतो. परंतु दोन आठवड्यांनंतरही दिवसभर उदासी राहिली, झोप वा भूक हरपली, मूल शाळा टाळू लागले किंवा कोणी जगण्याविषयी निरिच्छा व्यक्त केली, तर कारण क्षुल्लक मानू नये. जगण्याची निरिच्छा दिसल्यास तर दोन आठवडेही थांबू नये. दुःख कोणासाठी आहे, यापेक्षा ते कोणाला होत आहे, हे वैद्याने आधी पाहावे.