आपद्‌ग्रस्त बालकांचे मानसिक पुनर्वसन

आपद्‌ग्रस्त बालकांचे मानसिक पुनर्वसन : भूकंप, पूर, दरड कोसळणे, आग यांसारख्या आपत्तींतून वाचलेल्या बालकांच्या मनावरील आघात ओसरावा व त्यांच्या वाढीचा खंडित झालेला क्रम पुन्हा सुरू व्हावा, यासाठी कुटुंब, शाळा, आरोग्यसेवा व समाज यांनी केलेले सहेतुक साहाय्य. अन्न, निवारा व औषधोपचार हे मदतकार्याचे पहिले अंग. मनाला स्थैर्य मिळवून देणे हे दुसरे होय. हे दुसरे अंग डोळ्यांना दिसत नसल्याने त्याची उपेक्षा होते. दुर्गम पाड्यांवरील बालकांच्या बाबतीत ती अधिकच होते.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमधील बालगृहांत केलेल्या निरीक्षणांतून असे दिसून आले, की लहान मुलांना बाँबहल्ल्यापेक्षा आईची ताटातूट अधिक असह्य होते. १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकृतीला अमेरिकन मानसरोगविज्ञानाच्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले. भारतात भोपाळ वायुदुर्घटनेनंतर (१९८४) स्थानिक वैद्यांना मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देण्यात आले. ओडिशातील चक्रीवादळ (१९९९), गुजरातमधील भूकंप (२००१) व त्सुनामी (२००४) यांनंतर बंगळूरूच्या ‘निमहान्स’ या संस्थेने शिक्षक व स्वयंसेवक यांच्यामार्फत बालकांना साहाय्य करण्याच्या पद्धती विकसित केल्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

लक्षणे : वयानुसार लक्षणे बदलतात. पाच-सहा वर्षांखालील मूल मोठ्यांना बिलगून राहते, सुटलेली सवय पुन्हा धरते, अंथरूण ओले करते. शाळकरी मूल घडलेला प्रसंग खेळातून पुनःपुन्हा मांडते. पोटदुखी-डोकेदुखीची तक्रार करते. अभ्यासात मागे पडते. किशोरवयात चिडचिड, अबोलपणा किंवा ‘आपण वाचलो हाच अपराध’ अशी बोच आढळते. प्रारंभीच्या आठवड्यांतील अशी वर्तने हा रोग नव्हे; असाधारण प्रसंगाला मनाने दिलेला तो स्वाभाविक प्रतिसाद होय. बहुसंख्य मुले आधार मिळाल्यास सावरतात. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, झोप-अन्न तुटले किंवा जीव देण्याची भाषा येऊ लागली, तर तज्ज्ञांची मदत घेणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील अनुभव : ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतर पुनर्वसनाचे दोन मार्ग अनुसरले गेले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. तर नळदुर्ग येथे राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ हा प्रकल्प भूकंपग्रस्त भागाजवळच उभारला. पहिल्या मार्गाने शिक्षणाची दारे उघडली. दुसऱ्याने गाव व बोली यांच्याशी असलेला संबंध राखला. आज सर्वसाधारण मत असे आहे, की शक्य तोवर बालकाला आप्तांजवळ व परिचित परिसरात ठेवावे. भावंडांची ताटातूट करू नये. संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानावा.

सह्याद्रीच्या पट्ट्यात माळीण (ता. आंबेगाव, ३० जुलै २०१४), तळीये (ता. महाड, २२ जुलै २०२१) व इर्शाळवाडी (ता. खालापूर, १९ जुलै २०२३) या वस्त्या दरडीखाली गेल्या. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती आले, ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या आणि शोधकार्य थांबवण्यात आले. ठाकर समाजाच्या या वाडीतील काही मुले आश्रमशाळेत असल्याने वाचली. ज्याने आपत्ती पाहिलीच नाही व आईवडिलांचे अंत्यदर्शनही ज्याला घडले नाही, अशा मुलाचे दुःख निराळे असते. ते दीर्घकाळ वाट पाहत राहते.

शहापूर-मुरबाड परिसर : ठाणे जिल्ह्याचे हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. मुरबाडच्या पूर्वेकडील कड्यापलीकडेच आंबेगाव तालुका लागतो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी व वारली यांचे पाडे येथे विखुरलेले आहेत. कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात; मुलांची शाळा तुटते. अनेक मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. त्यांची शाळा जूनमध्ये, म्हणजे पाऊस सुरू होताना उघडते. दरडीची किंवा पुराची धास्ती बसलेल्या मुलाला, नेमक्या भीतीच्या ऋतूत घरापासून दूर जावे लागते. वसतिगृहाच्या पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की त्याला झोप येत नाही. हा प्रसंग दरवर्षी चार महिने येत असल्याने येथील पुनर्वसन एका शिबिराने संपत नाही. शिवाय दारिद्र्य, कुपोषण व स्थलांतर यांनी मुलाचे आधार आधीच क्षीण केलेले असतात.

साहाय्याची पद्धती : येथे मानसोपचारतज्ज्ञ क्वचितच उपलब्ध असल्याने शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या हेच पहिले आधारस्तंभ ठरतात. त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात : (१) उठणे, जेवणे, शाळा व खेळ यांचा नित्यक्रम लवकर सुरू करणे, (२) मृत्यूविषयी ‘गावाला गेले’ असे न सांगता सोप्या व खऱ्या शब्दांत सांगणे आणि इच्छा असल्यास दशक्रियादी विधींत मुलाला सहभागी करून घेणे, (३) मुलाच्या बोलीत बोलणे, कारण प्रमाण मराठीतील प्रश्नांना मिळणारे मौन हे मंदबुद्धीचे लक्षण समजले जाते, (४) चित्रे, गाणी, फेराचे नाच व मातीकाम यांतून व्यक्त होण्यास वाव देणे, (५) अतिवृष्टीच्या रात्री घरची खुशाली मुलापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करणे, (६) धोक्याच्या वेळी कोठे जावे याचा सराव देणे, कारण काय करायचे हे ठाऊक असले की भीती आटोक्यात येते.

मुलाला घटना पुनःपुन्हा सांगावयास लावणे अपायकारक ठरू शकते. वार्ताहर, पुढारी व देणगीदार यांच्यासमोर त्याला उभे करणे हाही आघातच होय. आईवडील स्वतः शोकाकुल असतात. त्यांना सावरल्याविना मूल सावरत नाही.

कायदा व सेवा : अनाथ बालकांची जबाबदारी बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालकल्याण समितीकडे असते. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. संकटग्रस्त मुलांसाठी १०९८, तर मानसिक साहाय्यासाठी १४४१६ (टेलिमानस, २०२२ पासून) हे दूरध्वनी क्रमांक आहेत. तथापि दूरध्वनीची सेवाच न पोहोचणाऱ्या पाड्यांवर प्रशिक्षित शिक्षकाला पर्याय नाही. मदतीची वाहने परतल्यानंतर, पुढच्या पावसाळ्यात त्या मुलाजवळ कोण आहे, यावर या पुनर्वसनाचे यश अवलंबून असते.