गोंगाट कोणता आणि आवाज कोणता?

कर्जतजवळील कोंडाणे लेण्यात कान्हाचा शिष्य बलक याचे नाव ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षे ते नाव टिकले. त्याचा आवाज मात्र टिकू शकला नाही. आज आवाज जतन करण्याचे साधन विद्यार्थ्यांच्या हाती आहे. माहितीपटाचे निवेदन, धम्मग्रंथांचे वाचन, वडीलधाऱ्यांच्या आठवणी असे ध्वनिमुद्रण करताना ते सुस्पष्ट कसे करावे, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

प्लगइन म्हणजे ध्वनिसंपादनाच्या मुख्य प्रणालीला जोडावयाची लहान उपप्रणाली. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली यासाठी व्हीएसटी ही पद्धती आणली. ऑडासिटी ही विनामूल्य प्रणालीही अशी प्लगइन्स स्वीकारते.

त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ८० हर्ट्झखालील ध्वनी गाळावा. पंख्याची घरघर आणि खालापूरच्या द्रुतगती महामार्गावरील अवजड वाहनांचा घुमारा यामुळे बराच कमी होतो. नंतर गोंगाट घटवावा. त्यासाठी बोलण्यापूर्वीची काही सेकंदांची शांतता मुद्रित करून ठेवावी लागते. त्या नमुन्यावरून प्रणाली गोंगाट ओळखते. पुढे 'स', 'श' यांचा शिट्टीसारखा स्वर सौम्य करणारा डी-एसर वापरावा. शेवटी कॉम्प्रेसरने उंच आणि हळू आवाजांतील अंतर कमी करावे. कॉम्प्रेसर आधी लावल्यास हळू आवाजाबरोबर गोंगाटही वर येतो.

तथापि प्लगइन सर्वसमर्थ नाही. पत्र्यावर कोसळणारा आषाढातला पाऊस सर्वच कंपनसंख्यांत पसरलेला असतो आणि क्षणोक्षणी बदलतो. तो पूर्णपणे वेगळा काढणे अवघड असते. रिकाम्या वर्गातील प्रतिध्वनीचेही तसेच. म्हणून उघडीप पाहावी, भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा.

अतिरेकाचा धोका याहून मोठा आहे. गोंगाट फार घटविला की 'ख', 'घ', 'भ' यांतील श्वास आणि वाक्यान्तीचे मंद स्वर गळून पडतात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा भासतो. डी-एसर फार लावला की 'श' आणि 'स' एकसारखे ऐकू येतात. मग यंत्राने बिघडविलेला उच्चार मुलाच्या माथी मारला जातो.

येथेच शिक्षकाची कसोटी आहे. पंख्याची घरघर हा गोंगाट आहे. वाडीवरच्या मुलीने 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणणे हा गोंगाट नव्हे. तिला प्रमाण उच्चार अवश्य शिकवावा, परंतु 'आवाज चांगला नाही' असे म्हणून तिच्या जागी दुसऱ्या मुलास उभे करू नये. बोलण्याचा अधिकार शतकानुशतके ज्यांना नाकारला गेला, त्यांच्या शाळेत तरी असे घडू नये. संपादन संपल्यावर मूळ आणि संस्कारित अशा दोन्ही प्रती तिला ऐकवाव्यात. दुसऱ्या प्रतीतही तिने स्वतःचा आवाज ओळखला, तर काम नीट झाले असे समजावे. मूळ प्रत मात्र कधीही पुसू नये.