तळं कुणाचं, वावर कुणाचं?

सावंगी (मेघे) हे वर्ध्याला लागून असलेलं गाव. तिथे मोठा दवाखाना आला, कॉलेजं आली, आजूबाजूच्या वावरांचे प्लॉट पडले. जमिनीला भाव आला की लग्न होऊन गेलेल्या बहिणींची आठवण होते. साडीचोळी होते, गोडाधोडाचं जेवण होतं आणि मग हळूच एक कागद पुढे येतो, हक्कसोडपत्राचा. "सही करून दे ना बाई, माहेर कुठं पळून चाललं का?" यावर कोण नाही म्हणणार!

तुम्ही म्हणाल, भावाला दिलं तर बिघडलं कुठे? राजीखुशीने दिलं तर काहीच नाही. पण मुळात ते आपलं होतं, हे तरी ठाऊक हवं. ते आपलं कसं झालं, ही गोष्ट महाडच्या तळ्यापासून सांगावी लागते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची अस्पृश्य मंडळी चवदार तळ्याचं पाणी प्याली. नगरपालिकेने १९२४ सालीच तळं सर्वांना खुलं केलं होतं, ते कागदावर. मग काही सवर्ण कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं काय, तर तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी भरायचं नाही ही रूढी अनादि काळापासूनची आहे. डोकं पाहा! शिवाशिवीचं भांडण मालकीचं करून टाकलं. डिसेंबरात मनाईहुकूम आला. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. त्यांनी सत्याग्रह थांबवला आणि खटला लढवला, तो थेट १७ मार्च १९३७ पर्यंत. रूढी अनादि असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून मुंबई हायकोर्टाने अपील फेटाळलं. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच.

त्याच काळात, १९२८ मध्ये, वर्ध्याला जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. मोठ्या मनाचं काम, वादच नाही. पण तिथे मालकाने दार उघडलं. महाडला मालकीच कोर्टात तपासली गेली. बहिणीला भावाने प्रेमाने काही देणं आणि तिचं तिला मिळणं, यातही एवढंच अंतर आहे.

अमेरिकेत शेरिल हॅरिस या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९९३ साली लिहिलं की तिथल्या कायद्याने गोरेपणालाच मालमत्तेसारखं जपलं. त्यांची आजी काळ्या समाजातली, रंगाने उजळ. शिकागोच्या एका मोठ्या दुकानात नोकरीसाठी दिवसभर गोरी म्हणून वावरायची. आपल्याकडे जात काय नि पुरुषपण काय, वेगळं थोडंच!

१९५६ पूर्वी विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीचा हयातीपुरता उपभोग असे. मनाला येईल तशी ती विकता येत नसे. कायदामंत्री असताना बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल लावून धरलं. ते रखडलं, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हेही एक मोठं कारण. पुढे १९५६ च्या वारसा कायद्याने बाई आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक झाली. हा कायदा बौद्ध, जैन, शीख बहिणींनाही लागू आहे.

वडिलोपार्जितात मात्र मुलीला जन्माने वाटा नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून! २००५ पासून देशभर लग्न झालेल्या मुलींनाही तो मिळाला, शेतजमिनीतसुद्धा. २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

तर कागद पुढे आला की आधी तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढून घ्यावा. आपलं नाव कुठे आहे, वाटा किती, ते पाहावं. जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणीशिवाय पक्कं होत नाही, तेव्हा घाई कुणालाही असो, आपल्याला नसावी. मजकूर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा, कोऱ्या कागदावर अंगठाही देऊ नये. आणि चष्मा घरी राहिला असेल तर सरळ म्हणावं, "दादा, सही उद्या."