प्लॅटफॉर्म निवडीवर संशोधन करताय? आधी उसाच्या बिलामागे जा

‘संस्थेसाठी योग्य सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मची निवड’ असा विषय घेतला की पहिला मोह होतो तो तक्त्याचा. डावीकडे किंमत, सुरक्षितता, वापरातली सोय. वर तीन-चार उत्पादनं. मग थॉमस साटींची एएचपी पद्धत लावायची, जोड्याजोड्यांनी तुलना करून भारांक काढायचे, सुसंगती गुणोत्तर ०.१० च्या आत आलं की प्रकरण तयार! पण हे गुणोत्तर एवढंच सांगतं की उत्तरं एकमेकांशी जुळतात. निकषच चुकीचे निवडले असतील, तर ते त्यात दिसत नाही.

मग निकष आणायचे कुठून? बारामती-इंदापूरकडे बघा. माळेगाव आणि सोमेश्वर हे साखर कारखाने बारामती तालुक्यात. भवानीनगरचा छत्रपती इंदापूर तालुक्यात, पण सभासद दोन्हीकडचे. समजा, एखाद्याने जुलैत आडसाली ऊस लावला आणि कारखान्यात नोंद केली. तोड येणार १६ ते १८ महिन्यांनी. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, आणि हे पीक दोन्हींत न मावणारं. सगळं वर्षानुसार बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही एकच नोंद पुढे पुढे ओढत न्यावी लागते. ‘वापरातली सोय’ या शब्दात हे कुठे येतं?

आता पुढे चला. त्याच शेतकऱ्याचं पीककर्ज गावच्या विकास सोसायटीचं, आणि सोसायटीला पैसा जिल्हा बँकेचा. ऊस गेला की सोसायटीची वसुली बिलातून कापली जाते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. म्हणजे तेवढ्यात तीन संस्थांच्या याद्या जुळायला हव्यात. एकीकडे नाव ‘बाळासो’, दुसरीकडे ‘बाळासाहेब’ असलं तर माणूस हाताने जुळवणी करत बसतो. कपात झालेली रक्कम कर्जखात्यावर मुदतीत जमा झाली नाही, तर वेळेत फेडणाऱ्याची व्याजसवलत अडकते.

गंमत म्हणजे या तिघांना निवडीचं स्वातंत्र्य सारखं नाही. जून २०२२ मध्ये केंद्राने २,५१६ कोटी रुपये खर्चून ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण मंजूर केलं, त्यात सॉफ्टवेअर देशभर एकच. गटसचिवाला ‘तुम्ही हाच प्लॅटफॉर्म का निवडला?’ विचारून काय मिळणार? टोर्नात्झकी आणि फ्लेशर यांच्या १९९० च्या चौकटीत तंत्रज्ञान, संस्था आणि बाह्य परिस्थिती असे तीन भाग आहेत. बहुतेक प्रबंधांत तिसऱ्याच्या वाट्याला दोन परिच्छेद येतात. इथे सगळा जीव तिथेच आहे.

म्हणून माझं मत: प्रश्नावली छापण्याआधी एका बिलाचा प्रवास कागदावर काढा. शेतकी खातं, वजनकाटा, गटसचिव, बँकेची शाखा, प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारा. माहिती कुणाकडून कशी येते, आणि त्यातलं परत हाताने काय टाइप करावं लागतं? विक्रेत्याला विचारा की मागच्या पाच हंगामांच्या नोंदी उद्या दुसरीकडे न्यायच्या ठरल्या, तर कोणत्या स्वरूपात हाती देणार? या उत्तरांतून जे निघेल, ते निकष तक्त्यात घाला. एएचपी मग खुशाल लावा.

आणि मुलाखती दिवाळीआधी उरका. गाळप सुरू झालं की शेतकी खात्यात बोलायला कुणी सापडत नाही.