छावणीतला वर्ग

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. गेल्या वर्षी आईला सही करायला शिकवली. अंगठा गेला, सही आली, म्हणून मी खूश होतो. आईने मात्र विचारले, "अन् कशावर सही करते ते कसं कळायचं?" मी गप्प बसलो. पुढे व्हिएतनामी निर्वासितांच्या छावण्यांतील शिक्षणाविषयी वाचू लागलो, तेव्हा हाच प्रश्न तिथेही भेटला.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. त्यानंतर लाखो लोक लहान लहान होड्यांतून देश सोडून निघाले. १९९५ पर्यंत सुमारे ८ लाख माणसे परक्या किनाऱ्यांना जिवंत लागली. कित्येक जण वाटेतच समुद्रात गेले. मलेशियातील बिदोंग हे बेट जेमतेम एक चौरस किलोमीटरचे. १९७९ साली तिथे सुमारे ४०,००० निर्वासित राहत होते. एखादा देश स्वीकारीपर्यंत वाट पाहणे, एवढेच त्यांच्या हाती होते. त्या काळात ज्यांना इंग्रजी किंवा फ्रेंच येत होते, ते इतरांना शिकवीत.

फिलिपिन्समधील बाताआन प्रांतात १९८० साली मोठे केंद्र उघडले. अमेरिकेने स्वीकारलेल्या निर्वासितांना तिथे काही महिने इंग्रजी शिकवले जाई. शिक्षक बहुतेक फिलिपिनो, म्हणजे इंग्रजी ही त्यांचीही शिकून घेतलेली भाषा. काम सोपे नव्हते. व्हिएतनामी भाषेत काळाप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलत नाही. 'काल' म्हटले की भागते. अनेकवचनाचा प्रत्ययही नाही. शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजने येतात, त्यामुळे इंग्रजी शब्दांची शेपटे बोलताना गळून पडतात. आपल्यापैकी ज्यांनी इंग्रजीच्या तासाला मार खाल्ला आहे, त्यांना ही अडचण निराळी समजावून सांगायला नको!

दुकानात काय बोलावे, डॉक्टरला दुखणे कसे सांगावे, नोकरीच्या मुलाखतीत कसे वागावे, असे धडे असत. ते उपयोगी होते यात शंका नाही. परंतु अमेरिकन भाषातज्ज्ञ जेम्स टॉलेफसन यांनी १९८९ साली 'एलिअन विंड्स' या पुस्तकात एक आक्षेप घेतला. हे शिक्षण माणसाला कमी पगाराच्या कामासाठी तयार करते आणि त्यातच समाधान मानायला लावते, असे त्यांचे म्हणणे.

मित्रहो, मला हा आक्षेप मोलाचा वाटतो. परक्या मुलखात निघालेल्या माणसाला आधी कामापुरते बोलणे शिकवावेच लागते, आणि त्या शिक्षकांच्या कष्टांना माझा नमस्कार आहे. पण कामापुरते शिकवून थांबणे म्हणजे सही शिकवून कागद न वाचू देणे होय.

तीच चूक मी घरात केली होती. सध्या रोज संध्याकाळी भाकरी झाल्यावर आई आणि मी बँकेचे पासबुक वाचतो. जोडाक्षरांशी ती अजून भांडते आहे.