कॅप टिकते कशावर?

दाढेचं रूट कॅनॉल झालं की पुढचा विषय कॅपचा. परभणी शहरात काय आणि जिंतूर-गंगाखेडात काय, पेशंटचे प्रश्न ठरलेले असतात : मेटलची की सिरॅमिकची, खर्च किती, वॉरंटी किती वर्षांची. झिरकोनियाच्या कॅपसोबत लॅबचं कार्ड मिळू लागल्यापासून तर सगळा भरवसा त्या कार्डावर येऊन बसला आहे. कॅप कशाने बसवणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते विचारायला हवं. काही कॅप किती भार सोसणार, हे त्या कशाच्या आहेत याइतकंच त्यांच्याखालच्या सिमेंटवर अवलंबून असतं. आणि सगळ्यांत महाग सिमेंट सगळ्यांत चांगलं, असा हिशेब इथे लागू पडत नाही.

जोर लावून चावलं तर मागच्या दाढांवर पन्नास ते सत्तर किलो वजनाइतका दाब येऊ शकतो. भाकरी खाताना त्याचा थोडासाच भाग वापरला जातो. पण सुपारी फोडताना, किंवा डाळीतला खडा नेमका दाढेखाली आला तर, तो जोर एका टोकावर एकवटतो. सिरॅमिक दाब उत्तम सोसतं. ताण मात्र त्याला सोसत नाही. कॅपखाली असतं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला, तुलनेने मऊ भाग. वरून भार आला की डेंटिन किंचित दबतं, त्यासोबत कॅप अगदी सूक्ष्म वाकते आणि तिची आतली बाजू ताणली जाते. शहाबादी फरशीखाली माल नीट भरला नसेल तर ती पोकळ जागेवर तडकते, तसाच हा प्रकार. कॅप घडवताना आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे राहिलेले असतात, तडा तिथून सुरू होऊन वर जातो. अमेरिकेत जे. रॉबर्ट केली आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास रुग्णांच्या तोंडात तुटलेल्या काच-सिरॅमिक कॅप सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा बहुतेक तड्यांचा उगम आतल्या बाजूलाच सापडला. सिमेंट लागतं तेही त्याच बाजूला.

सगळ्यांत जुनं सिमेंट झिंक फॉस्फेटचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते वापरात आहे. झिंक ऑक्साइडची पावडर आणि फॉस्फोरिक आम्ल यांचं हे मिश्रण दात किंवा कॅप यांपैकी कशालाही रासायनिकरीत्या चिकटत नाही. दोन्हींच्या खडबडीत पृष्ठभागांत शिरून घट्ट होतं आणि कॅपला सरकू देत नाही. बीडीएसच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी दंतसाहित्य हा विषय असतो, त्यात ते कालवायला शिकवतात : जाड काचेची थंड पट्टी, पावडरचे छोटे छोटे भाग, आणि स्पॅच्युला रुंद जागेवर फिरवत राहायचा. अभिक्रियेत उष्णता निघते. ती पसरली नाही तर सिमेंट हातातच घट्ट होतं. परभणीच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, ही घाई आणखी वाढते. म्हणून पट्टी गार करायची. पण पावसाळ्यात हवा दमट असते, आणि फार गार केलेल्या काचेवर दव धरतं. ते पाणी मिश्रणात गेलं की आम्लाचं प्रमाण बिघडतं, सिमेंट लवकर आवळतं आणि कमकुवतही होतं. एकाच शहरात एकच पावडर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळी वागते, ती यामुळे.

दाताला रासायनिकरीत्या धरणारं पहिलं सिमेंट १९६८ मध्ये इंग्लंडच्या डेनिस स्मिथ यांनी मांडलं, पॉलीकार्बोक्झिलेटचं. पाठोपाठ लंडनच्या सरकारी रसायनशाळेत अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ग्लास आयोनोमर तयार केलं. ते दातातल्या कॅल्शियमला धरतं, शिवाय फ्लोराइड सोडत राहतं. मेटलच्या आणि झिरकोनियाच्या कितीतरी कॅप आज याच सिमेंटवर किंवा त्याच्या रेझिन मिसळलेल्या भावंडावर उभ्या आहेत.

काचेचा अंश असलेल्या कॅपचं गणित वेगळं आहे. पारंपरिक पोर्सलेनची वाकताना टिकण्याची ताकद शंभर मेगापास्कलच्याही खाली असते, ई-मॅक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिथियम डायसिलिकेटची साडेतीनशे ते चारशेच्या आसपास, तर दाढांसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या झिरकोनियाची जवळपास हजार. काचेच्या कॅपची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरता येते. लिथियम डायसिलिकेटला पाच टक्के आम्ल वीस सेकंद पुरतं. हे आम्ल घातक असल्याने काम तोंडाबाहेरच करायचं. त्यावर सिलेन या काच आणि रेझिन यांना जोडणाऱ्या द्रवाचा हात देऊन रेझिन सिमेंट लावलं की ते कोरलेल्या खाचांत शिरतं, ओरखडे भरून काढतं आणि कॅप-दात मिळून भार घेऊ लागतात. अमेरिकेतल्या केनेथ मॅलामेंट आणि सिग्मंड सॉक्रन्स्की यांनी डायकोर या काच-सिरॅमिकच्या हजाराहून अधिक कॅप आणि भरणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. कोरून चिकटवलेल्या कॅप न कोरता बसवलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त टिकल्या. लिथियम डायसिलिकेटची कॅप दीड मिलिमीटर जाड असेल आणि दाताने तिला नीट पकडलं असेल, तर साधं सिमेंट चालून जातं. दात वाचवण्यासाठी ती मिलिमीटरभर पातळ ठेवायची असेल, तर चिकटवण्याला पर्याय नाही.

झिरकोनियात कोरण्याजोगी काचच नसते, त्यामुळे हायड्रोफ्लोरिक आम्लाची मात्रा तिथे चालत नाही. ही कॅप सहसा फुटत नाही. निघून येण्याची भीती अधिक. कॅपसाठी घासलेल्या दाताचा खुंट उंच असेल आणि भिंती फार निमुळत्या नसतील, तर ग्लास आयोनोमर पुरेसं होतं. आखूड खुंटावर रेझिन लागतं, आणि तिथे एमडीपी नावाचा रेणू कामी येतो. त्याचं फॉस्फेटचं टोक झिरकोनियाला धरतं, दुसरं रेझिनमध्ये मिसळतं. अडचण अशी की लाळेतही फॉस्फेट असतं. कॅप तोंडात बसवून पाहिली की एमडीपीसाठीच्या जागा लाळेतलं फॉस्फेट आधीच अडवून बसतं, आणि नुसत्या पाण्याने ते हटत नाही. एरवी दात कोरायला वापरतात ते फॉस्फोरिक आम्लाचं जेल इथे लावणं म्हणजे आणखी फॉस्फेट ओतणं. त्यासाठी खास क्लीनर असतो, किंवा अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा. दोन मिनिटांचं काम, घाईच्या ओपीडीत ते सुटू शकतं, पण पुढची अनेक वर्षं त्याच्यावरच अवलंबून असतात.

रेझिन नाजूक मिजाशीचं आहे. त्याला कोरडी जागा हवी; हिरडीतून रक्त येत असेल, कॅपची कड हिरडीखाली खोल असेल, तर ते लावण्यात अर्थ नाही, तिथे ग्लास आयोनोमरच शहाणपणाचं. रेझिनच्या सिरिंज कंपनीने सांगितलेल्या तापमानाला ठेवाव्या लागतात, आणि लोडशेडिंगच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या दवाखान्याला तेही जपावं लागतं. फ्लोराइडयुक्त पाण्याच्या पट्ट्यातून, उदाहरणार्थ शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडून, आलेल्या रुग्णाचं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, आम्लाला सहज दाद देत नाही; रेझिन धरावं म्हणून ते कोरायला जास्त वेळ द्यावा लागतो. परभणीच्या सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना पुढे याच हवेत, याच पाण्यावर वाढलेल्या दातांवर काम करायचं असतं. कंपनीच्या पत्रकातले आकडे बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या तापमानाचे असतात.

निघालेली कॅप पुष्कळ जण घरीच फेविक्विकने बसवून टाकतात. तसं अजिबात करू नका. तो गोंद तोंडासाठी बनवलेला नाही, कॅप तिरकी बसते, खाली किडीला आडोसा मिळतो, आणि एक पुरावाही नष्ट होतो. निघालेल्या कॅपच्या आत सिमेंटचा थर तसाच असेल आणि खुंट उघडा दिसत असेल, तर पकड दाताच्या बाजूने सुटली. कॅप आतून लख्ख असेल आणि सिमेंट खुंटावरच राहिलं असेल, तर कॅपच्या पृष्ठभागाची तयारी कमी पडली. म्हणून ती न घासता, न खरवडता एका छोट्या डबीत घालून दवाखान्यात न्यावी. या वेळी कोणतं सिमेंट घ्यायचं, हे डॉक्टर तो थर पाहून ठरवतील.