रिक्षाची भरपाई मिळाली, चालकाचे काय?

मार्च १९९५ मधील एका संध्याकाळी नागालँडमधील दिमापूर येथे काही अनोळखी प्रवाशांनी एक ऑटोरिक्षा भाड्याने घेतली. रिक्षा परत आली नाही. पुढे पोलिसांना चालकाचा मृतदेह मिळाला. रिक्षा मात्र सापडलीच नाही. चालक पगारी होता, रिक्षा दुसऱ्याच्या मालकीची होती आणि तिचा विमा उतरवलेला होता. विमा कंपनीने रिक्षा चोरीला गेल्याचे मान्य करून मालकाला तिची भरपाई दिली. चालकाच्या वारसांनी मोटार वाहन कायद्याखाली दावा केला, तेव्हा त्याच कंपनीने भूमिका घेतली की हा खून आहे, अपघात नव्हे. सबब देणे लागत नाही.

लुटीत कामावर असलेल्या माणसाचा जीव जातो, तेव्हा आपले लक्ष साहजिकच फौजदारी खटल्याकडे लागते. आरोपी सापडले का, शिक्षा किती झाली, फाशी की जन्मठेप. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील बीदर येथे एटीएममध्ये भरायची रोकड भरदिवसा गोळीबार करून लुटली गेली आणि एक कर्मचारी ठार झाला, त्या वेळीही चर्चा लुटारू कुठे पळाले याचीच होती. ती आवश्यकच आहे. परंतु अशा प्रत्येक घटनेला दुसरा एक कायदेशीर उत्तरार्ध असतो. तो दिवाणी स्वरूपाचा, संथ आणि बातमीमूल्य नसलेला असतो. मृताच्या घरात चूल पेटणार की नाही हे मात्र तेथे ठरते. दिमापूरचा खटला मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

दिमापूरच्या दावा न्यायाधिकरणाने वारसांच्या बाजूने निर्णय दिला. गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो फिरवला. अखेर एप्रिल २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रीता देवी विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स’ या निकालात न्यायाधिकरणाचा निर्णय पुन्हा कायम केला. न्यायालयाचा युक्तिवाद असा : मारेकऱ्याचा मुख्य हेतू विशिष्ट व्यक्तीचा जीव घेणे हाच असेल, तर तो निव्वळ खून, परंतु मुख्य हेतू दुसराच गुन्हा करण्याचा, येथे रिक्षा पळवण्याचा असेल आणि तो साधताना चालक मारला गेला असेल, तर तो ‘अपघाती खून’. हा शब्दप्रयोग कानाला विचित्र लागतो. पण अपघात ठरवायचा तो मारणाऱ्याच्या नव्हे, मरणाऱ्याच्या बाजूने पाहून, हे लक्षात घेतले की त्यातला विक्षेप नाहीसा होतो. प्रवासी घेऊन निघालेल्या चालकाच्या दृष्टीने मृत्यू अकल्पितच होता आणि तो त्याच्या कामामुळेच ओढवला होता.

हा विचार न्यायालयाने शून्यातून निर्माण केला नव्हता. मार्च १९१० मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसलहून सुटलेल्या रेल्वेगाडीत एका कोळसा कंपनीच्या रोखपालाचा खून झाला. खाणीतल्या मजुरांच्या पगाराची रक्कम तो घेऊन चालला होता. ती लुटली गेली. आरोपीला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फाशी झाली आणि तो खटला इंग्लंडमध्ये आजही वादाचा विषय आहे. परंतु मृताच्या पत्नीने मालकाविरुद्ध केलेला भरपाईचा दावा फारसा कोणाच्या लक्षात नाही. तेथील अपील न्यायालयाने म्हटले की रोख रक्कम नेणे हे ज्याचे काम आहे, त्याच्यासाठी लुटले जाण्याचा धोका हा त्या कामाचाच भाग आहे. म्हणून हा नोकरीतून उद्भवलेला अपघात. आपला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा ब्रिटिश कायद्याच्याच साच्यात घडला आणि ‘नोकरीतून उद्भवलेला व नोकरीच्या ओघात घडलेला अपघात’ ही शब्दयोजना त्याने तेथूनच उचलली. दिमापूरच्या निकालात हा इंग्रजी दाखला आहेच. शिवाय महाराष्ट्रातील १९८७ च्या टँकर दुर्घटनेवरचा १९९१ चा निकालही आहे. महामार्गावर उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता आणि तोही वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात ठरला होता.

निकाल न्याय्य आहे, याविषयी मला शंका नाही. मला खटकते ते त्याने वारसांच्या हाती दिलेले मोजमाप. भरपाई मिळवण्यासाठी आता मारेकऱ्याच्या मनातला मुख्य हेतू कोणता, हे दाखवावे लागते. ज्यांचे चेहरेही ठाऊक नाहीत, त्यांच्या मनाचा ठाव मृताच्या नातेवाइकांनी घ्यायचा! दिमापुरात हे सोपे गेले, कारण रिक्षाच नाहीशी झाली होती. चोरी झाली याचा तोच पुरावा. पण लुटारू घाबरून काही न घेता पळाले असते तर? पोलिसांच्या पहिल्याच टिपणात ‘जुन्या वैमनस्याचा संशय’ असे चार शब्द पडले असते तर? मग भरपाई नाकारणाऱ्याला बचावाचा मार्ग आयताच मिळतो आणि दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो.

यावरचा उपाय आपल्याच कायद्यांत आहे, हे विशेष. कर्मचारी राज्य विमा कायद्यात १९६६ च्या दुरुस्तीने कलम ५१-अ आले. नोकरीच्या ओघात अपघात घडला असेल, तर उलट पुरावा नसल्यास तो नोकरीतूनच उद्भवला असे ते गृहीत धरते. म्हणजे नोकरीशी संबंध नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर येते. हेच गृहीतक एक पाऊल पुढे नेता येईल : कामाच्या वेळी, कामाच्या जागी हिंसेने आलेला मृत्यू हा अपघातच मानावा, वैयक्तिक वैर होते, असे ज्याचे म्हणणे आहे त्याने ते सिद्ध करावे. आजची अडचण अशी की राज्य विमा योजनेचे छत्र साधारणपणे दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना आणि दरमहा २१ हजार रुपयांपर्यंतच्या वेतनाला मिळते. रात्री एकटा बसणारा पहारेकरी, छोट्या पेढीतला वसुली कारकून, दुसऱ्याची रिक्षा चालवणारा चालक यांतले बहुतेक जण त्या छत्राबाहेर उभे आहेत. लुटीची जोखीम त्यांच्याच वाट्याला अधिक येते.

रोकड वाहतुकीविषयी आपण बरेच नियम केले. रिझर्व्ह बँकेची एप्रिल २०१८ ची मानके आहेत, त्याच वर्षी केंद्रीय गृह मंत्रालयाचे नियम आले. एका गाडीत पाच कोटींहून अधिक रोकड नसावी, सोबत दोन सशस्त्र रक्षक असावेत, शहरी भागात रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरू नयेत. सगळे योग्यच. मात्र या नियमांच्या केंद्रस्थानी रोकड आहे.

फौजदारी कायद्यातही पीडितांसाठी वाट आहे. आरोपी सापडला नाही, तरी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही तरतूद २००९ च्या अखेरीस अमलात आली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. पण ती राज्यांच्या योजनांवर अवलंबून असते आणि तिचे स्वरूप साहाय्याचे, कमाईची जागा भरून काढणारे नव्हे.

खरी कसोटी पुढची आहे. आज रात्री अनोळखी प्रवासी घेणारा चालक बहुधा ॲपवर चालतो आणि गाडी त्याच्या स्वतःच्या नावावर कर्जाने घेतलेली असते. कायद्याच्या लेखी त्याला मालक नाही, म्हणून कर्मचारी भरपाई नाही. स्वतःच वाहनमालक असल्याने दोषनिरपेक्ष भरपाईही त्याच्या वारसांना स्वतःच्याच विम्यातून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ आणि २००९ च्या निकालांत म्हटले आहे. उरतो तो मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. त्याची रक्कम २०१८ मध्ये १५ लाखांपर्यंत वाढवली गेली. त्यातही इजा ‘हिंसक, अपघाती, बाह्य आणि दृश्य’ कारणाने व्हावी, अशी अट आहे. म्हणजे खून हा अपघात आहे काय, हा दिमापूरचा प्रश्न पहिल्या पायरीवरून पुन्हा सुरू.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. कामावर जाता-येता झालेला अपघात काही अटींवर नोकरीतलाच मानण्याची तरतूद तिच्यात आहे. ती स्वागतार्ह आहे. गिग आणि मंच कामगारांसाठी ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधी द्यायचा असून त्यातून अपघात विम्यासारख्या योजना उभ्या राहायच्या आहेत. त्या योजनांतील ‘अपघात’ या शब्दाच्या व्याख्येत, काम चालू असताना लूट, हल्ला वा अन्य हिंसेमुळे आलेला मृत्यू, गुन्हेगाराचा हेतू काहीही असो, समाविष्ट राहील, एवढे एक वाक्य केंद्राने घालावे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि त्यानंतर कर्नाटकाने अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले आहेत. त्या राज्यांना तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही.